बाबेतचे पान कोठे मांडले होते?

आगमनकाळ सुरू झाला की आपल्याकडील साधनाशिबिरांतून किंवा युवक-मेळाव्यांतून 'बाबेतची मेजवानी' हा डॅनिश चित्रपट पाहण्याचा योग अनेक वाचकांना आला असेल. गाब्रिएल आक्सेल यांनी १९८७ साली दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटाला पुढच्या वर्षी परदेशी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९९५ मध्ये चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत धर्मविषयक चित्रपटांच्या विभागात त्याचा समावेश होता. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांचा तो अत्यंत आवडता चित्रपट. 'आमोरिस लेतित्सिया' ह्या २०१६ सालच्या प्रबोधनपत्रात, दुसऱ्याला आनंद देण्यातल्या आनंदाविषयी लिहिताना, त्यांनी बाबेतचे उदाहरण दिले आहे. एवढ्या मोठ्या शिफारशीनंतर चित्रपट संपल्यावर जी चर्चा होते तिचे वळण बहुधा ठरलेले असते. मेजावर बाराजण, भाकर आणि द्राक्षारस, जुनी वैरे मिटणे, सर्वस्व खर्चून टाकणारी यजमानीण. तेव्हा ही प्रभुभोजनाची रूपककथा आहे, असे सांगून चहापानासाठी उठायचे.

हे वाचन चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. कथेत त्याला भरपूर आधार आहे. परंतु ज्या मूळ कथेवर हा चित्रपट बेतला आहे ती पुन्हा एकदा सावकाश वाचताना एक साधा प्रश्न माझ्या मनात राहून गेला, आणि त्या प्रश्नाने ठरीव वाचनाला धक्का दिला. बाराजणांची पाने वाढली गेली. बाबेतचे पान कोठे मांडले होते?

कथा आहे कॅरन ब्लिक्सन ह्या डॅनिश लेखिकेची. इंग्रजीत ती आयझॅक डिनेसन ह्या पुरुषी नावाने लिहीत असे. अमेरिकन मासिकांत छापून यायचे असेल तर खाण्यापिण्याविषयी लिही, असा सल्ला एका मित्राने दिला आणि त्यातून ही कथा जन्मली, असे तिचे चरित्रकार सांगतात. १९५० च्या जून महिन्यात ती 'लेडीज होम जर्नल' ह्या बायकांच्या मासिकात प्रसिद्ध झाली आणि १९५८ मध्ये तिच्या कथासंग्रहात आली. इतक्या व्यवहारी निमित्तातून इतकी गंभीर कथा निघावी, ह्याचे नवल वाटते. साहित्याच्या उगमाविषयी फार सोवळे राहू नये, हेच खरे.

ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला आहे त्यांच्यासाठी मूळ कथेचा सांगाडा देतो. चित्रपटातले गाव डेन्मार्कच्या जटलंड किनाऱ्यावर आहे. कथेतले बेर्लेवॉग नॉर्वेत, एका अरुंद समुद्रखाडीच्या काठी. तेथल्या एका पिवळ्या घरात मार्टिने आणि फिलिपा ह्या दोन प्रौढ अविवाहित बहिणी राहतात. मार्टिन लुथर आणि त्याचा सहकारी फिलिप मेलांक्टन ह्यांच्यावरून त्यांची नावे ठेवली आहेत. त्यांचे दिवंगत वडील 'डीन' म्हणून ओळखले जाणारे लुथरपंथी धर्मगुरू होते. ऐहिक सुखांचा त्याग शिकवणारा एक लहानसा भक्तिपंथ त्यांनी स्थापन केला होता. १८७१ च्या जूनमधल्या एका पावसाळी रात्री ह्या घराची घंटा वाजते आणि दारात एक मळकट, पांढरीफटक पडलेली फ्रेंच बाई कोसळते. तिच्याजवळ एक पत्र आहे. फार वर्षांपूर्वी फिलिपाला गाणे शिकवू पाहणाऱ्या आशिल पापँ ह्या गायकाचे. पॅरिस कम्यूनच्या उठावात बाबेत एरसाँचा नवरा आणि मुलगा गोळ्या घालून मारले गेले. ती स्वतः कशीबशी निसटली. तिला आश्रय द्यावा, असे पत्रात लिहिले आहे. आणि शेवटी जाताजाता एक वाक्य, की बाबेतला स्वयंपाक येतो.

येथून पुढची बारा वर्षे लेखिकेने चार-दोन पानांत उरकली आहेत. चर्चा करणारेही ती उरकूनच टाकतात. परंतु परदेशी जाऊन तेथल्या माणसांत रुजण्याची कहाणी ह्याच पानांत आहे, आणि ती इतक्या बारकाईने लिहिली आहे की ज्याने परमुलखात चूल मांडली आहे त्याला प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल. फ्रेंच लोक बेडूक खातात हे बहिणींना ऐकून ठाऊक असते. पापँच्या पत्रातल्या त्या वाक्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी त्या बाबेतला कॉड मासा कसा चिरून शिजवायचा आणि बिअर व पाव ह्यांची पेज कशी करायची, हे शिकवतात. बाबेतचा चेहरा निर्विकार. आठवडाभरात ती बेर्लेवॉगमध्ये जन्मलेल्या कोणत्याही बाईइतकाच चांगला कॉड मासा आणि तितकीच चांगली पेज करू लागते. पॅरिसच्या सर्वांत नामांकित उपाहारगृहाची ती मुख्य आचारी होती, हे वाचकालाही फार उशिरा कळते. आणि कळल्यावर तो मागे वळून हा प्रसंग पुन्हा वाचतो. जिच्या हातचे जेवण जेवायला सरदार-उमराव येत, तिने मान खाली घालून पेज शिकून घेतली. परदेशात पोट भरायला गेलेल्या किती शिक्षकांनी, परिचारिकांनी, कारागिरांनी आपल्याला येत असलेलीच गोष्ट दुसऱ्याच्या रीतीने नव्याने शिकून घेतली असेल, आणि 'मला हे येते' एवढे शब्द गिळले असतील!

ब्लिक्सन हे सारे दुःखाच्या सुरात सांगत नाही. बाबेत येते आणि घरखर्च आश्चर्यकारक रीतीने कमी होतो. गोरगरिबांना पाठवल्या जाणाऱ्या सूपला अंगी लागण्याचा गुण येतो. नॉर्वेची भाषा ती शेवटपर्यंत नीट शिकत नाही, पण मोडक्यातोडक्या शब्दांत गावातल्या चिवट दुकानदारांकडून भाव पाडून घेते. बंदरावर आणि बाजारात तिचा दरारा बसतो. म्हणजे समाजाने तिला स्वीकारले, असे म्हणता येईल. गाव तिच्याशिवाय चालणार नाही अशी स्थिती येते. मात्र ज्याच्यावाचून चालत नाही तो आपला झालाच, असे नसते. बहिणींनाही ते अस्पष्टपणे जाणवते. कधी कधी ती स्वयंपाकघरातल्या तिपाईवर डोळे विस्फारून निश्चल बसलेली त्यांना दिसते. कधी मेजावर कोपरे टेकून एका जाड काळ्या पुस्तकात बुडालेली दिसते, आणि ते 'पोपपंथी' प्रार्थनापुस्तक असावे असा त्यांना मनातून संशय येतो. बाई कॅथलिक आहे हे कळल्यावर त्या बिचाऱ्या हादरल्या होत्या. मग त्यांनी ठरवले, की तिला उपदेश करू नये; आपल्या सात्त्विक लुथरपंथी जगण्याचा नमुनाच तिचे परिवर्तन करील. त्या भल्या आहेत ह्यात शंका नाही. त्यांच्या भलेपणात न बसणारी एकच गोष्ट आहे: त्या काळ्या पुस्तकात काय आहे हे विचारणे.

येथे एक गोष्ट नमूद करतो. ह्या संपूर्ण कथेत बाबेतसाठी ना धर्मगुरू आहे ना मिस्सा. नॉर्वेत १८४५ च्या कायद्याने इतर ख्रिस्ती पंथांना उपासनेची मोकळीक मिळाली होती आणि राजधानीत त्याआधी दोन वर्षे एक कॅथलिक धर्मग्रामही उभा राहिला होता. पण येशूसंघीयांना त्या देशात पाऊल ठेवण्यास घटनेनेच बंदी होती आणि ती १९५६ पर्यंत उठली नाही. म्हणजे ही कथा मासिकात छापली गेली त्या वर्षीही ती बंदी कायम होती. अशा मुलखात बाबेतने बारा नाताळ काढले. मध्यरात्रीच्या घंटेवाचून आणि गव्हाणीवाचून गेलेल्या त्या बारा रात्रींबद्दल लेखिका चकार शब्द काढत नाही. ही विस्मृती आहे, की मौन? मला ते मौन वाटते. ज्या घरातल्या माणसांना विचारावेसे वाटले नाही, त्यांच्या नजरेतूनच कथा सांगितली जात असल्यामुळे वाचकालाही ते कळत नाही.

आणि तरीही नाताळ ह्या कथेत आहे. तो अशा ठिकाणी आहे की सहज नजरेतून सुटावा. बाबेतला लॉटरीत दहा हजार फ्रँक मिळतात. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती काही मागते: डीनच्या शंभराव्या जन्मदिनी, १५ डिसेंबरला, मला माझ्या पैशाने एक खरेखुरे फ्रेंच जेवण करू द्या. म्हणजे मेजवानीचा दिवसही तिचा नाही. आगमनकाळातला तो दिवस यजमानांच्या पित्याचा आहे. जिवंत कासव घरात आलेले पाहून मार्टिनेची गाळण उडते. हे चेटकिणीचे भोजन तर नव्हे, ह्या भीतीने पंथातली म्हातारी मंडळी एकमेकांना शब्द देतात, की त्या दिवशी काहीही समोर आले तरी खाण्यापिण्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही. मग जेवताना बोलायचे काय? ते डीनच्या आठवणी सांगू लागतात. त्यांतली एक अशी: एका वर्षी डीननी खाडीपलीकडच्या गावाला नाताळचे प्रवचन देण्याचे कबूल केले होते. पंधरा दिवस वादळ; एकही नावाडी धजेना. होडी मिळाली नाही तर मी लाटांवरून चालत येईन, असे डीन म्हणाले. आणि नाताळला तीन दिवस उरले असता वादळ थांबले, कडाक्याची थंडी पडली, आणि माणसांच्या आठवणीत कधी घडले नव्हते ते घडले. खाडी ह्या काठापासून त्या काठापर्यंत गोठली.

म्हातारे हा चमत्कार सांगत आहेत तेव्हा भिंतीपलीकडे एक बाई चुलीशी उभी आहे. तीही पाणी ओलांडून आली आहे. तिच्यासाठी समुद्र गोठला नव्हता. त्यांच्या ताटात जे आहे ते तिने त्याच पाण्यावरून, जहाजावर आचारी असलेल्या आपल्या भाच्याच्या मदतीने, आणवले आहे. खाडी ओलांडून नाताळला येणारा माणूस त्यांना चमत्कार वाटतो, परंतु समुद्र ओलांडून बारा वर्षे आपल्यात राहिलेले माणूस त्यांना दिसत नाही. ब्लिक्सन ह्यावर एका शब्दानेही भाष्य करत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवते आणि पुढे जाते.

त्या मेजावर एकच माणूस असा आहे की ज्याला आपण काय खातो आहोत ते कळते. तरुणपणी मार्टिनेवर मन जडलेला आणि आता जनरल झालेला लोवेनहिल्म हा आयत्या वेळी आलेला बारावा पाहुणा. (त्याच्यासोबत आलेली म्हातारी आत्या बहिरी आहे आणि तिची चव व वास दोन्ही गेली आहेत. लेखिकेची ही थट्टा जरा क्रूरच आहे.) कासवाचे सूप, ब्लिनी, १८६० ची शँपेन, प्रत्येक घासाला जनरल चकित होऊन शेजाऱ्याकडे पाहतो, आणि शेजारी शपथेला जागून हवामानाविषयी बोलतो. उंची शँपेनला ही मंडळी मनातल्या मनात लिंबूसरबताचा एखादा प्रकार समजतात. लाव्यांचा तो विशिष्ट पदार्थ समोर येतो तेव्हा जनरलला पॅरिसच्या 'कॅफे आंग्ले'मधले एक जेवण आठवते. हा पदार्थ तेथल्या एका स्त्री-आचाऱ्याने निर्माण केला होता, असे त्याला तेव्हा गालिफे नावाच्या सेनाधिकाऱ्याने सांगितले होते. हा गालिफे म्हणजे ज्याच्या हाताखालच्या सैन्याने बाबेतचा नवरा आणि मुलगा मारला तोच. जनरलला चव ओळखता आली. ती बाई मात्र पलीकडच्याच खोलीत आहे हे त्याला कळत नाही. तो ईश्वरी कृपेविषयी सुंदर भाषण करतो, रात्री बर्फातून निघून जातो, आणि ज्या एका माणसाची दाद बाबेतला कळली असती तो तिला न भेटताच जातो. कथेतली ही सर्वांत मोठी शोकांतिका आहे, असे माझे मत आहे. आपल्या चर्चांत तिचा उल्लेख क्वचितच होतो, कारण जनरलच्या भाषणातली कृपा आपल्याला फार आवडते.

परदेशी समाजात स्थिरावण्याची खरी अडचण कोठे आहे, हे ब्लिक्सनने येथे नेमके सांगितले आहे. भाषा, हवा, अन्न ह्या अडचणी कालांतराने सुटतात. बाबेतच्या तर आठवड्यात सुटल्या. सुटत नाही ती एकच गोष्ट: आपण कोण होतो हे ओळखणारे डोळे तेथे नसतात. म्हणूनच शेवटी बहिणी तिला विचारतात, आता तू पॅरिसला परत जाणार ना, तेव्हा ती जे उत्तर देते ते त्यांना कळत नाही. ज्यांच्यासाठी मी स्वयंपाक करीत असे ते सारे गेले, असे ती म्हणते, आणि नावे घेते ती त्या सरदार-उमरावांची ज्यांच्याविरुद्ध तिने बंड केले होते. बहिणी गोंधळतात, ही माणसे तर दुष्ट होती! होती. पण ती तिची होती, कारण तिच्या कलेचा अर्थ कळण्यासाठीच जणू ती वाढवली गेली होती. दहा हजार फ्रँकही उरलेले नाहीत. बाराजणांचे जेवण 'कॅफे आंग्ले'त तेवढ्यालाच पडे. आणि हे तुमच्यासाठी केले नाही, माझ्यासाठी केले, असे ती बजावते.

प्रभुभोजनाचे रूपक येथे अडखळते, ते ह्यासाठी. शिष्यांचे पाय धुणारा प्रभू मेजाशी बसला होता. अखेरच्या भोजनात वाढणारा आणि जेवणारा ह्यांच्यामध्ये भिंत नव्हती. बाबेत मात्र तेलकट काळ्या भांड्यांच्या पसाऱ्यात, लाकडाच्या ओंडक्यावर, थकून पांढरी पडलेली बसली आहे. फिलिपा धावत जाऊन तिला मिठी मारते आणि स्वर्गात तिची कला देवदूतांना आनंदित करील असे म्हणते. पोप फ्रान्सिस ह्यांनी ज्या प्रसंगाचा उल्लेख केला तो हाच. प्रसंग हृदयस्पर्शी आहे. परंतु त्या मिठीत फिलिपाला काय जाणवते? बाबेतचे शरीर तिला संगमरवरी स्मारकासारखे लागते. लेखिकेने हा तपशील उगाच घातलेला नाही. मिठी मनापासूनची आहे, तरी ती बारा वर्षे उशिरा आली आहे आणि मिठीत घेतलेली बाई अजूनही दगडासारखी आहे. दाद तर मिळाली, पण 'बैस, तुझे पान वाढते' असे त्या रात्री कोणी म्हणाले नाही.

कोणी म्हणेल, आपल्या घरांतही नाताळच्या दिवशी रांधणारी आई शेवटीच जेवते. त्यात एवढे काय? आक्षेप रास्त आहे. पण आईचे पान मागे राहिले आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. न विसरलेल्या पानाची गोष्ट वेगळी आणि कधीच न मोजलेल्या पानाची वेगळी.

ह्या कथेच्या मुळाशी लेखिकेचा स्वतःचा प्रवास आहे, असे मला वाटते, आणि त्यासाठी तिच्या दुसऱ्या एका पुस्तकाकडे वळायला हवे. १९१४ च्या जानेवारीत ब्लिक्सन केनियात उतरली आणि १९३१ पर्यंत नैरोबीजवळ कॉफीचा मळा चालवीत राहिली. तेथल्या दिवसांवर तिने लिहिलेले 'आउट ऑफ आफ्रिका' १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही एक स्वयंपाकी आहे. कामान्ते हा किकुयू जमातीचा मुलगा. पायांवर भयंकर जखमा झालेला हा मुलगा तिला मळ्यावर सापडला. तिने त्याला स्कॉटिश मिशनच्या इस्पितळात पाठवले, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी तो बऱ्या झालेल्या पायांनी परत आला. पुढे मी ख्रिस्ती आहे, असे त्याने जाहीर केले आणि तिच्या स्वयंपाकघरात तो असामान्य आचारी बनला. युरोपीय पदार्थ त्याला त्यांच्या नावांनी लक्षात राहत नसत. ज्या दिवशी ते शिकला त्या दिवशीच्या घटनेवरून तो त्यांना नावे देई. झाडावर वीज पडली त्या दिवसाचे सॉस, करडा घोडा मेला त्या दिवसाचे सॉस. पाहुणे वाखाणत. तो स्वतः मात्र ते अन्न आवडीने खात नसे. त्याला आपले भाजलेले मक्याचे कणीसच प्रिय.

ह्या पुस्तकात एका नाताळची हकिकत आहे. ब्लिक्सन जन्माने कॅथलिक नव्हती. पण मळ्यापासून काही मैलांवर फ्रेंच धर्मगुरूंचे मिशन होते आणि फ्रेंच बोलण्याच्या ओढीने ती रविवारी घोड्यावरून तेथे जाई. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला निघताना तिने कामान्तेला सोबत घेतले. कामान्ते भेदरलेला. स्कॉटिश मिशनमध्ये त्याला कॅथलिकांच्या मूर्तीबद्दल भलभलते सांगून ठेवलेले होते. शेवटी तो तिच्या पाठोपाठ आत गेला. पॅरिसहून नव्याने आलेली बेथलेहेमची गुहा, पवित्र कुटुंब, लहान लहान जनावरे हे पाहून त्याची भीती ओसरली. हा प्रसंग मला ब्लिक्सनच्या साऱ्या लेखनातला एक अत्यंत निर्मळ प्रसंग वाटतो. परक्या देशातली एक बाई, तिसऱ्याच देशातल्या धर्मगुरूंच्या देवळात, एका चौथ्या पंथाने घाबरवून ठेवलेल्या मुलासह गव्हाणीसमोर उभी आहे. कोणीच तेथे संपूर्ण घरचा नाही, आणि म्हणून त्या रात्री कोणी परकाही नाही. त्याच काळात नैरोबीत आपल्या गोव्याचे लोकही होते: कारकून, शिंपी, स्वयंपाकी. आपल्याच लोकांत दर्जानुसार वेगळाले क्लब काढण्याची जुनी खोड मात्र त्यांनी तेथेही नेली होती.

पण ह्याच पुस्तकात दुसरी एक जागा आहे, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. कामान्ते कधी कधी आपले आवडते खाणे, एखादे भाजलेले रताळे किंवा मेंढीच्या चरबीचा गोळा, बाईंपुढे आणून ठेवी. ब्लिक्सन लिहिते, की माणसांत राहिलेला कुत्रा जसा आपले हाडूक भेट म्हणून पुढे ठेवतो तसे ते होते. केनियाचे थोर लेखक न्गुगी वा थिओंगो ह्यांनी ह्या उपमेवर कठोर प्रहार केला. त्यांच्या 'मूव्हिंग द सेंटर' ह्या १९९३ सालच्या ग्रंथातील लेखाचे नावच 'तिचा स्वयंपाकी, तिचा कुत्रा' ह्या अर्थाचे आहे. ब्लिक्सनचे चाहते म्हणतात, की तिने ती उपमा प्रेमाने दिली. असेल. प्रेमाने दिली म्हणूनच ती अधिक भयंकर आहे. त्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. सतरा वर्षांच्या त्या परदेशवासात एक मुलगा आपल्या ताटातले तिच्यापुढे ठेवत होता. ते त्याचे आमंत्रण होते. त्या एका क्षणी ती त्याच्या घरची पाहुणी होऊ शकली असती. तिला त्यात हाडूक दिसले.

मग १९३१ आले. मळा बुडाला, विकला गेला आणि ब्लिक्सन कफल्लक होऊन डेन्मार्कला आईच्या घरी परतली. यजमानीण होती ती आश्रित झाली. आफ्रिकेतली बाई कोण होती हे तेथे कोणाला ठाऊक असणार? कामान्तेच्या पुस्तकानंतर तेरा वर्षांनी तिने पुन्हा एकदा परक्यांसाठी रांधणाऱ्या कलावंताची गोष्ट लिहिली, तेव्हा लेखिका जेवणघरातून उठून स्वयंपाकघरात गेलेली दिसते. बाबेतला तिने जे दिले ते कामान्तेला देता आले नव्हते: स्वतःची इच्छा, स्वतःचा अभिमान, आणि 'हे मी माझ्यासाठी केले' असे म्हणण्याचा हक्क. ही दुरुस्ती आहे, परंतु अर्धीच. जेवणघराचे दार अजून बंद आहे. ते उघडण्याची कल्पना तिला सुचली नाही, की तसे उघडत नसते हे तिला अनुभवाने कळले होते, हे मी ठरवू शकत नाही. संगमरवराची ती उपमा पाहता मला दुसरे संभवनीय वाटते.

आक्सेल ह्यांच्या चित्रपटाने येथे एक बदल केला आहे. जनरलचा गाडीवान थंडीतून स्वयंपाकघरात येऊन बसतो, आणि बाबेत त्यालाही तेच अन्न, तोच द्राक्षारस वाढते. तो सुखाने जेवतो. त्याने मौनाची शपथ घेतलेली नाही. समीक्षक ह्या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहतात. मला ती दिग्दर्शकाने मूळ कथेवर केलेली सर्वांत मर्मज्ञ टीका वाटते, कारण त्या रात्री बाबेतच्या समोर बसून जेवलेला तो एकटाच आहे. बाकी चित्रपट कथेपेक्षा मवाळ आहे. स्तेफान ओद्रां ह्या अभिनेत्रीची बाबेत शेवटी शांत, तृप्त दिसते. कथेतल्या बाबेतचा दगड तिच्यात नाही. शिबिरांत चित्रपटच दाखवला जातो आणि कथा वाचली जात नाही, ह्याचे एक कारण हेही असावे.

हे सारे आपल्याशी का संबंधित आहे, हे वसई-उत्तनच्या किंवा गोव्याच्या वाचकाला सांगावे लागू नये. इंग्रजी जहाजांच्या भटारखान्यांत इतरांचा नाताळ शिजवणारे गोमंतकीय ज्या मुंबईच्या कुडांत राहिले ती कुडे अजून धोबीतलावच्या परिसरात उभी आहेत. २५ डिसेंबरला सुट्टी नसलेल्या आखाती देशांत पाळी संपवून मिस्सेला धावणाऱ्या परिचारिका आपल्याच घरच्या आहेत. त्यांच्या बाजूने आपण बाबेतची कथा सहज वाचतो. ती दोन बहिणींच्या बाजूने वाचणे अधिक अवघड आहे. झारखंडच्या आदिवासी भागांतून आलेल्या कॅथलिक मुली आज मुंबईतल्या घरांत स्वयंपाक करतात, आणि त्यांतली काही घरे कॅथलिक आहेत. त्यांचे प्रार्थनापुस्तक कोणत्या भाषेत आहे, हे विचारण्याचे आपल्यालाही राहून गेलेले असते. आपणही मार्टिने-फिलिपांइतकेच भले आहोत.

कामान्तेची गोष्ट १९३१ साली संपली नाही. बाई गेल्यावर तो तिला पत्रे पाठवीत राहिला. लिहिता येत नसल्याने पत्रलेखकाला पैसे देऊन तो ती लिहवून घेई. १९७५ मध्ये त्याने सांगितलेल्या आठवणींचे पुस्तक पीटर बियर्ड ह्यांनी प्रसिद्ध केले. त्यात मळा, बाई, पाहुणे, स्वयंपाकघर हे सारे पुन्हा येते; ह्या वेळी चुलीच्या बाजूने पाहिलेले. 'आउट ऑफ आफ्रिका' ज्यांनी वाचले आहे त्यांनी ते त्यानंतर लगेच वाचावे. ब्लिक्सन तेव्हा हयात नव्हती.